वऱ्हाडातला अर्धा ऱ

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला मिळणारा नेहमीचा सुरक्षा-पुरवठा थांबला. ही बातमी मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांपुरतीच होती असे कोणी समजू नये. अमरावतीच्या राजकमल चौकाच्या आसपासचे डीटीपीवाले, अकोल्याच्या टिळक रोडवरचे छापखाने, शाळांची कार्यालये, वकिलांच्या टेबलांवरचे कॉम्प्युटर, या सगळ्यांपुढे तिने एकच प्रश्न आणून ठेवला. आमच्याकडच्या भाषेत सांगायचे तर, "नवं विंडोज टाकावं का जी? का चालते तोवर हेच चालू द्यावं?"

मी कॉम्प्युटरचा जाणकार नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण मराठीत लिहिणाऱ्या माणसाला या प्रश्नापासून पळता येत नाही, कारण आपली अक्षरे आता याच यंत्रात राहतात. आणि वऱ्हाडाने हा प्रश्न एकदा आधीही सोडवलेला आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी अशीच एक मोठी बदली झाली. तिच्यात आपण काय कमावले आणि काय गमावले, याचा हिशेब मांडला तर आजचे उत्तर सोपे होईल.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचा कारभारी. कळफलकावर बोट पडले की कोणते अक्षर उमटवायचे, ते कुठे साठवायचे, छपाईयंत्राकडे कसे पाठवायचे, हे सगळे हाच कारभारी ठरवतो. विंडोज ९५ आणि विंडोज ९८ यांच्या काळात या कारभाऱ्याला देवनागरी मुळीच येत नव्हती. तरीही लग्नपत्रिका, दिवाळी अंक, कवितासंग्रह, सगळे काही कॉम्प्युटरवर मराठीत छापले जात होते. हे कसे जमत होते? तर एका युक्तीने. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. यंत्राला वाटे, आपण इंग्रजीच लिहितो आहोत. कागदावर मात्र मराठी उमटे. मराठी ही त्या घरात भाडेकरू होती, आणि घराच्या उताऱ्यावर तिचे नाव नव्हते.

ही युक्ती प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने केली. एकाने 'क' एका जागी बसवला, दुसऱ्याने दुसऱ्या. त्यामुळे अमरावतीत टाइप केलेली गझल अकोल्याच्या छापखान्यात उघडायची तर मजकुराच्या फ्लॉपीबरोबर फॉन्टची फ्लॉपीही न्यावी लागे. मूर्तिजापूरमार्गे शंभरेक किलोमीटरचा एस.टी.चा प्रवास करून माणूस पोहोचायचा. तिथल्या यंत्रावर तो फॉन्ट चढला नाही, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा आणि डॉलरच्या चिन्हांचा नुसता भुसा दिसायचा. शिवाय वाक्याच्या सुरुवातीचे इंग्रजी अक्षर आपोआप मोठे करण्याची सोय काही शब्दलेखन पॅकेजांत असे. मोठ्या अक्षराच्या जागी दुसरेच मराठी अक्षर बसवलेले असल्यामुळे चांगला शब्द डोळ्यांदेखत बदलून जाई.

एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर ठेवण्याची ही तऱ्हा वऱ्हाडाला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे स्थान. तेराव्या शतकात म्हाइंभटाने 'लीळाचरित्रा'ची जुळवाजुळव केली ती तिथे. पुढे चौदाव्या शतकात पंथातल्या जाणत्यांनी आपले ग्रंथ राखण्यासाठी 'सकळ', 'सुंदरी' अशा सांकेतिक लिप्या घडवल्या. त्यांत देवनागरी अक्षरांची अदलाबदल केलेली असे. ज्याला किल्ली ठाऊक त्याला ग्रंथ वाचता येई. बाकीच्यांना अक्षरे दिसत, अर्थ लागत नसे. परिणाम असा झाला, की मराठी गद्याचे हे आद्य धन पंथाबाहेरच्या महाराष्ट्राला कैक शतके वाचताच आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे आणि इतर संशोधकांच्या हाती किल्ली आली, तेव्हा कुठे ते दार उघडले. महानुभावांनी हे जाणूनबुजून केले होते, आणि त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या किल्ली सांभाळणारी माणसे होती. आपल्या फॉन्टवाल्या मजकुराची किल्ली मात्र एका फ्लॉपीत होती, आणि फ्लॉपीला बुरशी लागते.

यावर उपाय एकच होता. 'क'चा क्रमांक जगभर एकच ठरवायचा. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या कामातून भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण तयार झाले. १९८८ मध्ये त्याचा आराखडा आला आणि १९९१ मध्ये ते भारतीय मानक म्हणून मान्य झाले. १९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच वहीत क्रमांक देण्याची ही योजना. तिच्यातल्या देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली गेली. 'क'ला ०९१५ हा क्रमांक मिळाला, 'र'ला ०९३०, 'ऱ'ला ०९३१, 'ळ'ला ०९३३.

क्रमांक ठरले, तरी कारभाऱ्याला ते कळायला हवेत. फेब्रुवारी २००० मध्ये आलेले विंडोज २००० हे देवनागरी जाणणारे पहिले विंडोज. त्यात 'मंगल' नावाचा फॉन्ट होता. तो घडवला होता प्रा. र. कृ. जोशी यांनी. ते स्वतः मराठी कवी आणि नामांकित सुलेखनकार. खेड्यापाड्यातल्या यंत्रांवर मराठीचे जे पहिले अधिकृत अक्षर उमटले, ते एका मराठी कवीच्या हाताचे होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. २००८ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचे अक्षर लक्षावधी पडद्यांवर होते.

सर्वसामान्यांपर्यंत हा बदल ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीबरोबर पोहोचला. पण तोही अर्धवट. एक्सपीत देवनागरी होती, मात्र झाकून ठेवलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भाषेच्या खिडकीत एका चौकोनावर टिचकी मारावी लागे आणि मग यंत्र मूळ सीडी मागे. आमच्याकडे दुकानदाराने सीडी दिलेलीच नसायची. त्यामुळे घरात मराठी असूनही ती कपाटात बंद राहिली. २००७ मध्ये आलेल्या विस्टात आणि २००९ च्या विंडोज ७ मध्ये हे सव्यापसव्य संपले. विंडोज ७ बरोबर तर 'अपराजिता', 'कोकिळा', 'उत्साह' अशा गोड नावांचे फॉन्टही आले.

आता अडचणींकडे येऊ, कारण त्या खऱ्या होत्या आणि त्यांची किंमत छोट्या माणसांनी मोजली. अनेक मराठी पॅकेजांबरोबर प्रिंटरच्या पोर्टमध्ये बसवायचे एक 'लॉक' मिळत असे. नव्या विंडोजला ते ओळखता आले नाही, तर पॅकेजच उघडत नसे. कंपनीकडून नवी आवृत्ती घ्यायची तर पुन्हा पैसे. डॉसच्या जमान्यातले हिशेबाचे प्रोग्रॅम तर विंडोजच्या ६४-बिट आवृत्तीवर मुळीच चालत नाहीत. जुने प्रिंटर, जुने स्कॅनर नव्या कारभाऱ्याशी बोलेनात. ज्या ऑपरेटरची बोटे टाइपरायटरच्या पद्धतीवर बसलेली, त्याला इनस्क्रिप्ट कळफलक म्हणजे पुन्हा पहिलीच्या वर्गात बसणे. मिनिटाला चाळीस शब्द टाइप करणारा माणूस दहावर आला, की त्याची रोजी बुडते.

त्यात आमचे भारनियमन. सिस्टीम बदलण्याचे काम अर्ध्यावर असताना वीज गेली, तर यंत्र धड जुने राहत नाही, धड नवे होत नाही. आणि इंटरनेट कोणते? तर टेलिफोनच्या तारेवरचे. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीची दुसरी सुधारणा, म्हणजे 'सर्व्हिस पॅक २' आली. तिचा पूर्ण संच सुमारे २६६ एमबीचा होता. ५६ केबीपीएसच्या मोडेमने तार एकदाही न तुटता तो उतरवायला दहा तासांहून अधिक लागले असते. तार न तुटण्याची हमी कोण देणार? म्हणून सीडी हातोहात फिरायच्या, आणि सीडीबरोबर कधी कधी व्हायरसही फिरायचे.

या साऱ्यापेक्षा मला लागलेली अडचण अगदी लहान आहे, अर्ध्या अक्षराएवढी. आमच्या मुलखाचे नाव 'वऱ्हाड'. त्यातला अर्धा ऱ म्हणजे खास मराठी अक्षर. हिंदीत तो नाही, संस्कृतात नाही. जुन्या खाजगी फॉन्टांत त्याचे चित्र तयार असायचे. युनिकोडमध्ये तो उमटवायचा तर ०९३१ क्रमांकाचा 'ऱ' घ्यावा लागतो. साधा 'र' घेऊन पुढे 'ह' जोडला, की 'वऱ्हाड'चा 'वर्हाड' होतो. नव्याने शिकणाऱ्यांना हे कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे पानेच्या पाने 'वर्हाडी', 'दुसर्या', 'शेतकर्यांचा' अशी निघू लागली.

कोणी म्हणेल, एवढ्याशा फटकाऱ्याने काय होते? चिखलदऱ्याच्या दऱ्या आपण पाहिल्या असतील. त्या 'दऱ्या'चा 'दर्या' झाला, तर मेळघाटात समुद्र येतो. कवितेत तर आणखी घोटाळा. 'दऱ्या' म्हणताना 'द' लघू राहतो; 'दर्या' म्हणताना त्याच्यावर आघात येऊन तो गुरू होतो. म्हणजे अर्थ बदललाच, पण वृत्तही मोडले. सुरेश भटांच्या अमरावतीत गझल लिहिणाऱ्याला मात्रा मोडलेली चालत नाही. तारे आणि वारे यांची अनेकवचनी रूपे ज्या गझलेत काफिया होऊन येतात, तिचे या एका खुणेवाचून काय होईल, याची कल्पना करा.

आणखी एक गंमत. हा अर्धा ऱ लिहिण्याचे दोन मार्ग युनिकोडने मान्य केले. एक 'ऱ'पासून, दुसरा साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे एक जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण यंत्र त्यांना वेगळे मानते. एका पद्धतीने लिहिलेला 'वऱ्हाड' दुसऱ्या पद्धतीने शोधायला गेलात, तर साधा शोध 'सापडत नाही' असे सांगून मोकळा होतो.

हे मराठीपुरतेच नव्हते. आमच्या घरांत जी उर्दू वाचली जाते, तिच्यावरही हीच पाळी आली. कातिबांच्या बोरूची जागा १९९४ मध्ये आलेल्या 'इनपेज'ने घेतली. अक्षर देखणे, छपाई झटपट. पण त्याचीही साठवण्याची रीत खाजगीच होती. ते युनिकोडकडे वळले ते पुष्कळ उशिरा. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर नस्तालिक वळणाचा फॉन्ट आला, तेव्हा उर्दूला तिच्या नेहमीच्या पेहरावात त्या घरात जागा मिळाली. एकाच गल्लीतल्या दोन भाषांचे दुखणे एक होते आणि औषधही एकच.

आता फायद्याची बाजू. मराठी कारभाऱ्याला कळू लागली, त्यामुळे ती शोधता येऊ लागली, अकारविल्हे लावता येऊ लागली, पत्राने पाठवता येऊ लागली. फ्लॉपी घेऊन एस.टी.त बसण्याची गरज संपली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. खाजगी फॉन्टांच्या जमान्यात असा सर्वांनी मिळून लिहायचा ज्ञानकोश अशक्यच होता. २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण म्हणून जाहीर केले. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा महाराष्ट्रात घरबसल्या मिळू लागला. तो उतारा अकोटच्या शेतकऱ्याच्या मोबाईलवरही मराठीतच वाचता येतो, कारण अक्षरांचे क्रमांक सगळीकडे तेच आहेत.

रुपयाच्या चिन्हाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. १५ जुलै २०१० रोजी सरकारने ₹ हे चिन्ह स्वीकारले. त्याच वर्षी युनिकोडने त्याला क्रमांक दिला आणि २०११ मध्ये विंडोज ७ व विस्टासाठी ते अपडेटमधून आले. ज्यांनी अपडेट घेतले, त्यांच्या बिलावर रुपया उमटला. ज्यांनी घेतले नाही, त्यांच्याकडे चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन.

आणि सुरक्षितता. एक्सपीचा पुरवठा ८ एप्रिल २०१४ रोजी थांबला. तरी पुष्कळांनी "चालते ना, मग काहून बदलावं?" म्हणत तेच चालू ठेवले. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा हल्ला झाला. दीडशेहून अधिक देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्याने कुलूपबंद केले आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. इंग्लंडमधली सरकारी रुग्णालये त्यात अडकली. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारे अपडेट त्याच वर्षीच्या मार्चमध्येच निघालेले होते. ज्यांनी ते वेळेवर घेतले, त्यांच्या दाराशी तो आला आणि परत गेला.

मग हिशेब काय निघतो? मला तरी फायद्याचे पारडे स्पष्टपणे जड दिसते. खिळ्यांच्या टाइपापासून निघालेली मराठी अक्षरे त्या एका बदलाने जगाच्या वहीत नोंदली गेली. पण त्याच बदलात वऱ्हाडाने पुष्कळ काही हरवले. छोट्या नियतकालिकांचे अंक, गावोगावच्या कवींचे संग्रह, संमेलनांच्या स्मरणिका, कोणा गुरुजींनी आयुष्यभर जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या, असे कितीतरी जुन्या फॉन्टांत लिहिले गेले. कोणी फॉरमॅट मारला, कोणी यंत्र भंगारात दिले, आणि फॉन्ट त्याबरोबर गेला. छापलेला कागद उरला तेवढेच उरले. नव्या सिस्टीमने हे मिटवले असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिने नवे घर दिले. जुन्या घरातले सामान हलवण्याचे काम आपले होते, आणि ते करायला आपल्याकडे ना माणूस होता, ना सांगणारा.

म्हणून आजचा प्रश्न पुन्हा पाहू. विंडोज १० च्या घरगुती ग्राहकांना नाव नोंदवून ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देण्यात आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेले विंडोज ११ हवे, तर यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी जागा लागते. पुष्कळ जुने प्रोसेसर त्याला चालत नाहीत. छोट्या छापखान्याला म्हणजे नवे यंत्रच घ्यावे लागते. शिवाय विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. जुन्या ३२-बिट विंडोजवर तग धरून राहिलेल्या १६-बिट प्रोग्रॅमांना तिथे थारा नाही. म्हणजे नव्वदच्या दशकातले जे काही अजून श्वास घेत होते, त्याची ही शेवटची घटका.

माझे उत्तर असे आहे: नवी सिस्टीम जरूर घ्यावी, पण आधी सामान हलवावे. जुन्या यंत्रात जुना फॉन्ट अजून उघडतो आहे तोवरच त्यातला मजकूर युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तक मिळतात, मात्र प्रत्येक फॉन्टचा परिवर्तक निराळा. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे नेमके उलटे. यंत्र इथेच चुकते. म्हणून मूळ छापील प्रत शेजारी ठेवून कोणीतरी ओळ न् ओळ वाचायला हवी. आणि वाचताना अर्धा ऱ आधी तपासावा. 'वऱ्हाड' नीट उमटला असेल, तर बाकीचेही बहुधा नीट असेल. मजकुराच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, एक कागदावर काढावी, आणि मगच नव्या सिस्टीमचे बटण दाबावे.

हे काम एकट्या छापखानेवाल्याच्या गळ्यात घालून चालणार नाही. त्याला रोजचे पोट आहे. अमरावतीत विद्यापीठ आहे, अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, दोन्ही जिल्ह्यांत मराठी शिकवणारी महाविद्यालये आहेत. ज्या रिद्धपुरात एकदा किल्लीवाचून ग्रंथ बंद राहिले, तिथे आता मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे. एम. ए. च्या एकेका विद्यार्थ्याने आपल्या गावातल्या एका कवीच्या, एका अंकाच्या जुन्या फाइली सोडवून द्यायचे ठरवले, तरी दोन-तीन वर्षांत वऱ्हाडाचा मोठा ऐवज वाचेल. राजवाड्यांना किल्ली शोधावी लागली. आपल्याकडे ती आज आहे, जुने यंत्र बंद पडेपर्यंत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)